तांब्याचे नाणे आणि थांबलेली नमाज

या खेपेला खानदेशातून आलेली पाच पत्रे एकाच नाटकाविषयी असल्यामुळे सदराची सगळी जागा त्या नाटकालाच देत आहे. गिरीश कर्नाड यांनी १९६४ साली कन्नडमध्ये लिहिलेले आणि विजय तेंडुलकर यांनी मराठीत आणलेले ‘तुघलक’ हे ते नाटक. ज्यांनी ते वाचलेले नाही त्यांच्यासाठी दोन शब्द आधी सांगतो. एकूण तेरा प्रवेशांच्या या नाटकाचा पडदा १३२७ च्या दिल्लीत उघडतो आणि पाच वर्षांनंतरच्या दौलताबादेत पडतो. विद्वान, न्यायप्रिय आणि स्वप्नाळू असा मुहम्मद तुघलक हिंदू-मुसलमानांच्या ऐक्यासाठी राजधानी दिल्लीहून दौलताबादेस हलवतो, चांदीच्या बरोबरीने तांब्याचे नाणे चालवतो, आणि या दोन्ही गोष्टी हातातून निसटत असताना एकेका माणसाला मारत मारत शेवटी एकटा उरतो. या सगळ्याच्या समांतर अझीझ नावाच्या एका धोब्याची कथा चालते, जो सुलतानाच्या प्रत्येक नव्या हुकुमातून स्वतःसाठी नवा वेष काढतो.

अमळनेरहून एका विद्यार्थ्याने विचारले आहे : दुसऱ्या प्रवेशात सुलतान एकटाच बुद्धिबळ मांडून बसलेला दिसतो. त्या डावाने कथा पुढे सरकत नाही. एकांकिकेसाठी काटछाट करताना तो भाग वगळला तर चालेल का?

कृपा करून वगळू नका. त्या प्रवेशात सुलतान आपल्या सावत्र आईला मोठ्या आनंदाने सांगतो, की अल-अदलीसारख्या जुन्या उस्तादांनाही न सुटलेला डाव आपण सोडवला आहे. ही गोष्ट ज्याला कळवावीशी त्याला वाटते तो त्याचा जुना मित्र ऐन-उल-मुल्क त्याच वेळी फौज घेऊन दिल्लीवर चालून येत असतो. पट आणि रणांगण एकाच दमात समोर येतात आणि सुलतानाच्या आवाजात मात्र काडीचाही फरक पडत नाही. इथे प्रेक्षकाला जे कळते ते पुढच्या अकरा प्रवेशांत पुन्हा कोणी सांगणार नाही : या माणसाला माणसे आणि सोंगट्या यांच्यातले अंतर दिसेनासे झाले आहे, आणि तरीही तो निर्दय नाही, तो केवळ डाव सोडवतो आहे.

पुढच्या प्रवेशांत याची साक्ष मिळते. सुलतानावर जाहीर टीका करणारा शेख इमाम-उद-दीन चेहऱ्याने सुलतानासारखा दिसतो. त्याला शाही पोशाख घालून, हत्तीवर बसवून, शांतिदूत म्हणून शत्रूसमोर पाठवले जाते आणि तो सुलतान समजला जाऊन मारला जातो. प्याद्याला राजाचे कपडे घालून पुढे सरकवण्याची ही खेळी पट न पाहिलेल्या प्रेक्षकाला केवळ दगाबाजी वाटेल, पट पाहिलेल्याला ती चाल वाटेल, आणि चाल वाटणे हे अधिक भयंकर आहे. मराठी प्रेक्षकाला एक गोष्ट जास्तीची मिळते, तीही ध्यानात घ्यावी. आपण ज्या सोंगटीला वजीर म्हणतो ती आज पटावर सर्वांत बलवान आहे. परंतु तुघलकाच्या काळच्या शतरंजमध्ये वजीर तिरक्या दिशेने एकच घर चालत असे. नाटकातला नजीब हा तसाच राजाला चिकटून असलेला वजीर आहे, आणि त्याचा विषप्रयोगाने अंत होतो तेव्हापासून पटावरचा राजा खऱ्या अर्थाने उघडा पडतो.

जळगावहून एक वाचक लिहितात : आमच्या घरात तीन पिढ्यांचा सराफीचा धंदा आहे. तांब्याचे नाणे चांदीच्या भावाने चालवण्याचा सुलतानाचा हुकूम वाचून हसू आले. नाटककाराने या मूर्खपणाला इतके महत्त्व का दिले असावे? आणि गुलाबांच्या बागेत नाण्यांचे ढीग ओतण्यामागे काय अर्थ आहे?

या पत्राबद्दल मनापासून आभार, कारण नाटकाची किल्ली यातच आहे असे माझे मत आहे.

आपण सराफ आहात, म्हणून आपल्याच पेढीवरून सुरुवात करतो. दागिना गहाण ठेवायला आलेल्या बाईसमोर सराफ काळी कसोटी काढतो, दागिन्याची कड त्या दगडावर ओढतो, पिवळी रेघ उमटते, तिच्यावर तेजाबाचा थेंब टाकतो आणि रेघ टिकते की विरते ते पाहतो. बाई कोणाची कोण, हे त्या वेळी विचारले जात नाही. सोन्याचा कस सोन्यातच असतो. सुलतानाचे तांब्याचे नाणे मात्र अशा कसोटीवर घासताच येत नाही, कारण त्याची किंमत त्याच्या धातूत नसून ज्याने ते पाडले त्याच्या शब्दात आहे. सुलतान हे पुरते ओळखून आहे. सहाव्या प्रवेशात तो अमिरांना, म्हणजे आपल्या सरदारांना, सांगतो, की चीनमध्ये तर कागदाचे चलन चालते, कारण त्या कागदावरच्या शिक्क्यावर लोकांचा विश्वास आहे. प्रश्न केवळ भरवशाचा आहे. कल्पना मूर्खपणाची मुळीच नव्हती. आपल्या गल्ल्यातली पाचशेची नोट त्याच कल्पनेवर चालते. म्हणून हसू आले तरी ते आवरून पुढे वाचावे, असे सुचवतो.

मूर्खपणा नव्हता, मग अपयश का आले? इतिहासाचे उत्तर बरेचसे सरळ आहे. १३२९-३० च्या सुमारास ही नाणी निघाली. ती पाडणे इतके सोपे होते की घरोघरी टाकसाळी उघडल्या असे समकालीन इतिहासकार बरनी लिहितो. अखेर ती मागे घ्यावी लागली, खोट्या नाण्यांच्या बदल्यातही तिजोरीतली खरी चांदी मोजून द्यावी लागली आणि परत आलेल्या नाण्यांचे डोंगर तुघलकाबादेत पडून राहिले. त्या नाण्यांवर एक मजकूर कोरलेला होता : जो सुलतानाची आज्ञा पाळतो तो रहमानाची, म्हणजे ईश्वराची, आज्ञा पाळतो. हा मजकूर मला फार बोलका वाटतो. नाणे चालायला हवा होता विश्वास, आणि नाण्यावर मागितलेली होती आज्ञाधारकता. या दोन गोष्टी एकच आहेत असे सुलतानाला वाटत होते की काय, हा प्रश्न नाटकात पहिल्यापासून घोटाळत राहतो. सहाव्या प्रवेशातच तो अमिरांपुढे हात जोडून त्यांच्या साथीची याचना करतो, आणि त्याच प्रवेशात त्यांच्यासाठी पडद्यामागे शिपाई लपवून ठेवलेले असतात.

आता मूळ मुद्दा. प्रतीक म्हणजे काय, तर जे स्वतः ती वस्तू नव्हे पण त्या वस्तूच्या जागी उभे राहते. तांब्याचे नाणे चांदीच्या जागी उभे राहते, म्हणजे ते अगदी शब्दशः प्रतीक आहे. कर्नाडांनी या नाटकात बाहेरून आणून चिकटवलेली प्रतीके जवळजवळ नाहीत. जी आहेत ती सुलतानाने स्वतःच निर्माण केलेली आहेत. दौलताबाद हे ऐक्याचे प्रतीक, ते त्याने निवडले. पहिल्या प्रवेशात ब्राह्मणाच्या बाजूने स्वतःविरुद्धचा निकाल स्वीकारणे हे न्यायाचे प्रतीक, तेही त्यानेच सर्व लोकांसमक्ष मांडले. गुलाबांची बाग ही फारसी कवी सादीच्या कवितेची प्रतिमा, ती त्याने आपल्या हौसेने आखली. असा हा राजा आहे, जो प्रतीके पाडणारी टाकसाळच चालवतो, आणि त्याच्या प्रत्येक प्रतीकाचे जे व्हायचे ते तांब्याच्या नाण्याचे होते तसेच होते. कोणीतरी खोटे पाडतो.

तो कोणीतरी म्हणजे अझीझ. पहिल्या प्रवेशातला न्याय मिळालेला ब्राह्मण हा ब्राह्मण नसून वेष घेतलेला धोबी आहे. दौलताबादच्या वाटेवर सरकारी अधिकारी म्हणून उभा राहून, मरणाच्या दारात असलेल्या मुलाला हकिमाकडे नेऊ पाहणाऱ्या आईकडे पैसे मागतो, तोही हाच. पुढे खोटी नाणी पाडतो तोही हाच, आणि शेवटी खलिफाच्या वंशजाला मारून त्याच्या कपड्यांत दरबारात येतो तोही हाच. हा माणूसच खोटे नाणे आहे, वरचा छाप बिनचूक आणि आत धातू भलताच. आणि सुलतान त्याला शेवटी ओळखतो, तेव्हा मारत नाही, ही गोष्ट अनेक वाचकांना खटकते. मला ती अटळ वाटते. ज्याने स्वतः तांब्यावर चांदीचा छाप उमटवला त्याने दुसऱ्याच्या छापाला खोटे म्हणायचे कोणत्या तोंडाने?

आता बाग. दहाव्या प्रवेशात सावत्र आई खिडकीतून पाहते आहे, गाड्यांमागून गाड्या खोट्या नाण्यांनी भरून येत आहेत आणि नव्या गुलाबबागेत रिचवल्या जात आहेत. ती हळहळते, कारण त्या बागेसाठी सुलतान किती झटला हे तिला ठाऊक आहे. तो सांगतो, की बागेतले प्रत्येक फूल कविता व्हावे आणि प्रत्येक काट्याने जाणिवा जाग्या कराव्यात अशी आपली इच्छा होती, पण आता असल्या शोभेच्या वस्तूंची गरज उरलेली नाही. प्रेतयात्रेला वेगळे प्रतीक कशाला हवे, अशा अर्थाचे ते बोलणे आहे. माझ्या वाचनात राजसत्तेविषयीच्या नाटकांत असे स्थळ दुसरे नाही, जिथे राजाच आपल्या प्रतिमांचे दुकान बंद करतो आणि तसे तोंडाने सांगतो. बरनीच्या बखरीतले तुघलकाबादचे ढीग नाटककाराने उचलून दौलताबादच्या बागेत आणून टाकले, एवढाच फेरफार त्याने केला. पण त्यामुळे फसलेले अर्थकारण आणि मेलेले काव्य एकाच जागी पुरले गेले. आणि याच प्रवेशात, नजीबला आपणच मारवले असे सावत्र आईने कबूल केल्यावर, सुलतान तिला दगडांनी ठेचून मारण्याची शिक्षा देतो. त्याच्यावर माया करणारे शेवटचे माणूस तेवढ्याने संपते. नाण्यांचा तो ढीग खिडकीबाहेर असाच पडलेला असतो.

चाळीसगावहून एक प्राध्यापिका लिहितात : आमच्या गावाहून कन्नडचा घाट चढला की दौलताबाद फार लांब नाही. विद्यार्थ्यांना घेऊन गडावर गेले होते. आठव्या प्रवेशातले अजगराचे रूपक तिथल्या भुयारी वाटेशी जोडून शिकवावे का?

अवश्य शिकवावे, आणि शक्य असेल तर त्या वाटेतच उभे राहून शिकवावे. गडाच्या वरच्या भागाकडे जाताना जी ‘अंधारी’ लागते तिच्यात मी एकदा वाटाड्यासोबत गेलो होतो. बाहेर ऊन रणरणत होते आणि चार पावलांत हातातले बोट दिसेनासे झाले. पायऱ्या एकसारख्या उंचीच्या नसल्याने पाय प्रत्येक वेळी चुकत होता, वाट वळणावळणाने वर चढत होती, वटवाघळांचा उग्र दर्प नाकात बसला होता आणि डोक्यावर पंखांची फडफड ऐकू येत होती. वाटाड्याने पलिता पुढे धरला आणि दाखवले, की एका वळणावर वाट दोन दिशांना फुटल्यासारखी वाटते. आत शिरलेल्या शत्रूने अंधारात भलतीकडे वळावे आणि स्वतःच्या पायांनी मरणाकडे जावे अशी ती रचना. नाटकातले दोन पहारेकरी, एक म्हातारा आणि एक तरुण, रात्री तटावर गप्पा मारताना याच वाटेविषयी बोलतात आणि ती गडाच्या पोटात वेटोळे घालून पडलेल्या पोकळ अजगरासारखी आहे असे म्हणतात. तो अजगर बाहेर पडून माणसे, बायका, मुले, गुरे सगळे गिळून टाकील तर बरे, इथपर्यंत बोलणे जाते. हा गड कधी पडला तर आतूनच पडेल, हेही त्याच गप्पांत येते.

विद्यार्थ्यांना एक गोष्ट आवर्जून दाखवावी. अजगर हा शब्द सामान्य पहारेकऱ्याच्या तोंडी आहे. त्याच प्रवेशात थोड्या वेळाने झोप न लागलेला सुलतान तिथे येतो आणि त्या तरुणाला आपल्या एकविसाव्या वर्षाची आठवण सांगतो : जुन्या तटावर उभे असताना शेजारची मशाल पंख फडफडवत सोनेरी पिसे उधळत होती, अर्धवट बांधलेला दरवाजा आपल्या खाचेत आकाश मावते का ते पाहत होता, आणि क्षणभर मशाल, दरवाजा, गड, आकाश सगळे वितळून आपल्या रक्तात वाहू लागले. एकच गड, एकच रात्र. राजाला तिथे पक्षी आणि आकाश दिसते, आणि दिल्लीहून पायपीट करून आलेल्या म्हाताऱ्याला, ज्याने त्या वाटेवर आपली माणसे गमावली आहेत, त्याला सापाचे पोट दिसते. प्रतिमा कोणाच्या तोंडी आहे हे पाहिल्याशिवाय तिचा अर्थ सांगू नये, हे शिकवायला याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

जाता जाता आणखी एक. नाटकातला सुलतान हा गड आपण बांधला असे म्हणतो. प्रत्यक्षात यादवांची देवगिरी त्याच्या आधी शतकाहून अधिक काळ तिथे उभी होती आणि अलाउद्दीन खिलजीची पहिली स्वारी १२९६ मधली. आपल्या चाळीसगावजवळच्या पाटणादेवीच्या परिसरात यादवकाळाच्या खुणा विद्यार्थ्यांनी पाहिलेल्या असतील, म्हणून हा फरक त्यांच्या लगेच लक्षात येईल. नाटककाराची चूक म्हणून तो सांगू नये. वीट न वीट आपल्या देखरेखीखाली बसली आणि तसाच इतिहासही आपण वीट वीट रचू, अशी भाषा करणाऱ्या राजाच्या पायाखाली दुसऱ्याचे राज्य गाडलेले आहे, एवढे कळले तरी अजगर अधिक जिवंत होतो.

नंदुरबारहून प्रश्न आला आहे, की दिल्लीहून निघालेल्या त्या लोंढ्याचा आपल्या खानदेशाशी काही संबंध होता का.

दिल्लीहून माळव्यामार्गे देवगिरी गाठायची तर नर्मदा आणि तापी ओलांडल्याशिवाय गत्यंतर नाही, म्हणजे आपल्या प्रदेशाची धूळ त्या पायांना लागलीच असणार. नेमक्या कोणत्या उतारावर, कोणत्या घाटाने, हे नाटकाला नको आहे आणि इथे त्याचा खल करत नाही. आपल्या गावापुरते सांगायचे तर तुघलकाच्या दरबारात राहिलेला प्रवासी इब्न बतूता दौलताबादहून निघून नंदुरबारला आला होता. तिथे मराठे राहतात, ते कारागिरीत, वैद्यकीत आणि ज्योतिषात निपुण आहेत, भात, भाजी आणि तिळाचे तेल खातात, असे त्याने लिहून ठेवले आहे. गंमत अशी, की सुलतानाच्या उग्रपणाची वर्णने करणारा हाच माणूस त्याच्या दानशूरपणाचेही वर्णन करतो. नाटकातल्या मुहम्मदाचे दोन चेहरे कल्पनेतून आलेले नाहीत.

धुळ्याच्या एका हौशी नाट्यमंडळाच्या दिग्दर्शकाचे पत्र शेवटी घेतो : राज्य नाट्यस्पर्धेसाठी हे नाटक बसवत आहोत. रंगमंचावर मधोमध मोठा राजमुकुट टांगायचा आणि प्रत्येक खुनानंतर त्यावर लाल प्रकाश टाकायचा असा विचार आहे. शेवटच्या प्रवेशाबद्दलही मार्गदर्शन करावे.

मुकुट टांगू नये, असे आग्रहाने सांगावेसे वाटते. वर म्हटल्याप्रमाणे या नाटकात प्रतीके निर्माण करण्याचा अधिकार सुलतानाकडे आहे. दिग्दर्शकाने त्याच्यावर आपले प्रतीक टांगले, की प्रेक्षक सुलतानाकडे पाहायचे सोडून छताकडे पाहू लागतो. लाल प्रकाशाचेही तेच. आपल्याला खर्च करायचा असेल तर तांब्याच्या नाण्यांचा आवाज मिळवा. दहाव्या प्रवेशात गाड्या रिकाम्या होतानाचा तो खळखळाट दुरून, खिडकीबाहेरून, सावत्र आईच्या वाक्यांखाली सतत येत राहिला, तर मुकुटाची उणीव कोणाला भासणार नाही.

आपली खरी परीक्षा नमाजाच्या धाग्यात आहे. तो आधी सलग वाचून काढा. राज्यावर येताच सुलतान पाच वेळची नमाज सक्तीची करतो आणि न पढणाऱ्याला शिक्षा होते. त्याच्या बापाचा आणि भावाचा अंत नमाजाच्या वेळी झाला आणि त्यात त्याचाच हात होता, अशी कुजबुज सुरुवातीपासून आहे. मग अमीर त्याला नमाजाच्या वेळी मारायचा कट करतात, नि:शस्त्र असण्याची ती एकच वेळ म्हणून. कट फसतो, सुलतान कटात सामील झालेल्या शिहाब-उद-दीनला स्वतःच्या हाताने भोसकतो आणि त्यानंतर राज्यात नमाजच बंद करून टाकतो. पाच वर्षांनी खलिफाच्या वंशजाच्या आगमनाने ती पुन्हा सुरू व्हायची असते, आणि तो वंशज म्हणजे वेषांतर केलेला अझीझ. तोवर उपासमारीने पिसाट झालेली दौलताबादची माणसे अन्न मागत रस्त्यावर आलेली असतात. सक्ती, कुजबुज, रक्त, बंदी आणि शेवटी नकली हाताने उघडलेले दार, अशी ही उतरण आहे. पहिल्या प्रवेशातल्या गर्दीत नमाजाविषयीची जी वाक्ये हलक्या सुरात येतात, ती नटांनी घाईत उरकली तर पुढचा सगळा डोलारा कोसळतो. त्यांना वेळ द्या.

इतिहासकार बरनी नाटकातही एक पात्र म्हणून सुलतानाच्या सोबत असतो. शेवटच्या प्रवेशात तोही निघून जातो. ज्याला पाच वर्षे झोप नाही, ज्याने दुसऱ्या प्रवेशात आपल्याला झोप नको म्हणून देवाची विनवणी केली होती, तो सुलतान सिंहासनावर बसल्या बसल्या झोपी जातो. बाहेर अजान सुरू होते. स्पर्धेतल्या काही प्रयोगांत अजान चालू असतानाच सुलतान दचकून उठतो आणि नट भेदरलेल्या चेहऱ्याने हातवारे करतो, तसे करू नका. ज्या हाकेसाठी त्याने आधी लोकांना रस्त्यावर पकडले, मग जी बंद पाडली आणि मग जी परत आणली, ती हाक येते तेव्हा तो तिथे हजर नाही, झोपलेला आहे. हे प्रेक्षकाला सावकाश दिसू द्या. प्रकाश पहाटेचा, साधा ठेवा. अजान पूर्ण विरल्यावर, एक-दोन श्वासांची शांतता गेल्यावरच त्याने डोळे उघडावेत आणि आपण कुठे आहोत, दिल्लीत की दौलताबादेत, हे कळत नसल्यासारखे फक्त आजूबाजूला पाहावे. डोळे स्थिर होण्याच्या आत पडदा पाडा.